घर नावाची फाईल

“सुनीतीबाई, आत्ताच्या आत्ता वर या. माझं घर गेलं!”

सरोजिनीबाई टिपणीस दारात उभ्या होत्या. हातात एक कागद होता. सुनीती ठाण्याच्या कोर्टातली वकील, वाशीच्या त्या सोसायटीत त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायची. रविवारची भाजी निवडायची टाकून ती वर गेली.

सरोजिनीबाईंचे यजमान दिनानाथ पौषात गेले, आता चैत्र चालू होता. जन्मभर सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळून हौस फिटली नाही म्हणून की काय, या माणसाने घराचंही रेकॉर्ड ऑफिस केलं होतं. लोखंडी कपाटात ओळीने फायली. लाइट, पाणी, रेशन, विमा, घर. प्रत्येक कागदाला भोक, भोकातून नाडी, नवा कागद कायम सगळ्यात वर. अशा शिस्तीचं लोक फार कौतुक करतात. त्यांना तिच्याबरोबर संसार करावा लागत नाही.

दसऱ्याला लोक हत्यारं पुजतात, स्कूटरला हार घालतात. दिनानाथ फायली पाटावर मांडायचे, एकेक उघडायचे आणि सगळ्यात वरच्या कागदावर हळदकुंकवाचं बोट टेकवायचे.

‘घर’ फाईलमध्ये माझं मृत्युपत्र आहे, घर तुझंच आहे, असं ते बायकोला सांगत आले होते. आज फाईल उघडली तर वरच हा कागद निघाला. टाइप केलेला. तारीख सप्टेंबर चौऱ्याऐंशी. ‘आधीचं मृत्युपत्र रद्द. फ्लॅट विकून पत्नी, मुलगा व मुलगी यांनी तीन सारखे वाटे घ्यावेत.’ खाली दिनानाथांची सही, आणि कोणाच्याच ओळखीचे नसलेले दोन साक्षीदार. कोपऱ्यात हळदकुंकू. जुनं मृत्युपत्र गायब.

“तिसऱ्या वाट्यात मला खोलीसुद्धा यायची नाही. या वयात मी जाऊ कुठे?” सरोजिनीबाई म्हणाल्या. “हे काम अरुणाचं. मोठं घर घेऊ, हे घर विकू, असं वर्षभर टुमणं लावलंय. किल्लीही हिच्याच कमरेला.”

सून अरुणा स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने ऐकलं आणि ती आत वळली. मुलगा दिलीप पंख्याकडे बघत बसला होता. मुलगी सुमेधा बातमी कळताच चेंबूरहून आली होती आणि आईचा हात धरून रडत होती.

सुनीतीने आधी सही पाहिली. सही खरी होती.

“बाबांनी कोऱ्या कागदावर कधी सह्या दिल्या होत्या?”

“हॉस्पिटलात दिल्या,” दिलीप म्हणाला. “औषधांच्या बिलांचे अर्ज करायला. थोडे माझ्याकडे, थोडे सुमेधाकडे. दुपारी तीच बसायची ना.”

“कपाटाची किल्ली कायम अरुणाकडेच?”

“तेराव्यापर्यंत दारामागे खिळ्याला होती. घर माणसांनी भरलेलं. कोणीही घेतली असती.”

सुनीतीने लाइटची फाईल काढली आणि बिलं उलटत गेली. ब्याऐंशीच्या दसऱ्याच्या बिलावर बोट. त्र्याऐंशीच्या बिलावर बोट. चौऱ्याऐंशीचं बिल कोरं. तिने पाण्याची फाईल घेतली, मग विम्याची. मग सगळ्या जागच्या जागी ठेवल्या.

“सुमेधा, गेल्या दसऱ्याला फायलींची पूजा कोणी केली?”

“बाबांनीच, नेहमीसारखी. मला यायला जमलं नाही. आमच्याकडे पाहुणे होते, सोनं वाटता वाटता रात्र झाली. पण बोट बाबांचंच आहे हो. बाबा असं कसं लिहितील, तेच कळत नाही.”

सुनीती स्वयंपाकघरात गेली.

“अरुणा, घर विकायचं टुमणं तू लावलं होतंस?”

“लावलं होतं. खोटं कशाला बोलू? या घरात मी सुखाचा दिवस बघितला नाही. गेल्या आषाढात आजेसासूबाई गेल्या, वर्ष पाळायचं म्हणून गणपती नाही, दिवाळी नाही. ते संपत नाही तोवर मामंजी गेले. आता आई मला चोर म्हणतात. म्हणू देत.”

सुनीती बाहेर आली आणि तिने कागद टीपॉयवर ठेवला.

“सरोजिनीबाई, अरुणाची माफी मागा. हा कागद खोटा आहे, आणि तो तिने केलेला नाही.”

“कशावरून?” दिलीप खुर्चीत सावरून बसला.

“यावर सप्टेंबरची तारीख आहे. बाबा पौषात गेले. मध्ये दसरा एकच आला, आणि त्या दसऱ्याला तुमच्याकडे आजींचं वर्ष पाळत होते. फायली कपाटातून निघाल्याच नाहीत. दुसऱ्या कुठल्याच फाईलमध्ये त्या दसऱ्याचं बोट नाही. मग याच कागदावर हळदकुंकू आलं कुठून? कागद जुना आणि खरा वाटावा म्हणून कोणीतरी मागाहून लावलं. तुम्ही दोघं इथे राहता. दाराला तोरण लागलं नाही, हे तुम्ही कसे विसराल? विसरेल ती, जिच्या घरी त्या दिवशी सण होता. लग्न झालेल्या मुलीला सासरी माहेरचं वर्ष नसतं.”

सुमेधाने आईचा हात सोडला.

“सही हॉस्पिटलातल्या कोऱ्या कागदावरची. किल्ली तेराव्यापर्यंत खिळ्याला. आणि पूजा बाबांनीच केली, हे तूच आत्ता सांगितलंस.”

“सुमे?” सरोजिनीबाई म्हणाल्या. “तू माझ्या डोक्यावरचं छप्पर काढत होतीस?”

सुमेधाचं रडणं थांबलं होतं. “बाबांनी माझ्या नावाची फाईल केली होती, आठवते? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळे दाखले पिशवीत घालून माझ्या हातात दिले, आणि त्या फाईलला गॅसची कार्डं लावली. मी इथून गेले ती अशी गेले. तिसरा वाटा मागितला तो भीक म्हणून नाही मागितला.”

“मागितला असतास तर! चोरलास तू! आणि माझं मृत्युपत्र कुठाय? जाळलंस?”

“नाही जाळलं. जाळायला रोज काढते.” सुमेधाने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढून आईसमोर धरला. “वाच. तुला कधी वाचायला दिला नाही ना त्यांनी?”

सरोजिनीबाईंनी चष्मा लावला. अक्षर दिनानाथांचं होतं, गोल, टपोरं, काना-मात्रा जागच्या जागी. त्या हळूहळू वाचत गेल्या. एका ओळीपाशी थांबल्या, ती परत वाचली आणि कागद सुनीतीपुढे केला.

‘सदर फ्लॅट माझ्या पश्चात सर्वस्वी चि. दिलीप याच्या मालकीचा राहील. पत्नीने चि. दिलीप ठेवील तोवर तेथे राहावे.’

“हा खरा आहे का, सुनीतीबाई?”

सुनीतीने सह्या तपासल्या. दोन्ही साक्षीदार सोसायटीतलेच होते, तिच्या चांगल्या ओळखीचे.

“खरा आहे,” कागद परत देत ती म्हणाली. इतकं अवघड उत्तर तिने कोर्टातही कधी दिलं नव्हतं.

“माझ्या खोट्या कागदात तुला वाटा तरी होता, आई,” सुमेधा म्हणाली.

दिलीप उठला आणि त्याने हात पुढे केला.

“आई, दे तो इकडे. फाईलला लावून ठेवतो.”