वरवंटा नाशकातच राहिला

"रिकामी झोळी हलवू नकोस हो. आणि बाळ उचललंस की जागा मोकळी ठेवू नकोस."

निघायच्या आदल्या दिवशी सिंधुवन्सं मला म्हणाल्या. सिंधुवन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. एवढं बोलून त्यांनी माझ्या ट्रंकेत, बकुळच्या दुपट्यांच्या मधोमध, चक्क वरवंटा ठेवला.

तोच वरवंटा. बकुळच्या बारशाला त्याला कुंची घालून, काजळाचा ठिपका लावून, आधी पाळण्यात निजवला होता. बकुळ त्याच्यानंतर.

"बाळाच्या जागी हा ठेवायचा. जागा भरलेली दिसली म्हणजे कोणी येत नाही."

"कोण येतं, वन्सं?"

"ते मला काय विचारतेस? बी.ए. तू झालीस."

"अहो, आगबोटीत दगड चढवला तर कप्तान मलाच खाली उतरवील!"

वन्सं हसल्या नाहीत. घागर घेऊन गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेल्या. मी वरवंटा काढला आणि परत पाट्यावर ठेवून दिला. त्याच्या जागी दुधाच्या भुकटीचे डबे बरोबर बसले.

पुढं लिहिते आहे ते कोणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत झालं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी आमच्या घरी यावं आणि माझी बकुळ कशी निजते, तेवढं बघावं.

साल १९३५. फेब्रुवारी महिना. झांजिबार बंदर.

आणि वेळ रात्रीची नव्हे. भर दुपारची.

ह्यांच्या मुंबईच्या कंपनीनं तिथं बर्फाच्या कारखान्याचं यंत्र बसवायला घेतलं होतं. काम थोड्या महिन्यांचं. "समुद्र बघशील, बेट बघशील, चल," म्हणाले. बकुळ तेव्हा नुकती बसायला लागली होती.

बेट सुंदर होतं, हे कबूल करते. नारळी, पांढरी घरं, बंदरात शिडाची गलबतं. गल्लीगल्लीत चटयांवर लवंगा वाळत घातलेल्या. वास इतका, की पाण्यालाही लवंगेची चव लागायची. कावळे मात्र अगदी आपल्याकडचे. पहिल्या दिवशी कावळा ओरडला तेव्हा मला रडू आलं.

आमची बिऱ्हाडाची जागा वरच्या मजल्यावर. दाराला पितळी खिळे. आतल्या खोलीत तुळईला एक जाड लोखंडी कडी होती. घासून घासून आतून चकचकीत झालेली.

"बघ," हे म्हणाले, "झोळीची सोय आधीच करून ठेवली आहे कोणीतरी!"

मी माझं जुनं मऊ लुगडं काढलं आणि त्याच कडीला झोळी बांधली.

कडी कोणाच्या झोळीनं घासली होती, हे विचारायचं मला सुचलं नाही.

खालच्या मजल्यावर इब्राहिम शिंपी राहायचा. त्याची बायको खुर्शीदा. दोघं येवल्याची! घरी पैठणीचे माग होते, धंदा बसला, म्हणून इकडे येऊन शिवणयंत्र घेतलेलं. मी जिन्यात बकुळशी बोलत होते ते ऐकून खुर्शीदा पिठाच्या हातांनी धावत आली.

"नाशिकच्या हैत का ताई तुमी? या अल्ला! किती वर्सांनी असं बोलनं कानावर पडलं!"

"तुम्हाला मुलं किती?" मी विचारलं.

तिनं बकुळला माझ्या कडेवरून काढून घेतलं.

"ही एक," ती हसून म्हणाली. "लगीन होऊन लय वर्सं झाली, ताई. सासू बोलायची. बोलनं ऐकाया नको म्हनून तर समिंदर वलांडला."

त्या दिवसापासून बकुळ अर्धी तिची झाली.

झांजिबारची दुपार कशी असते, सांगते. जेवणं झाली की गल्ली एकदम गप्प होते. पेले वाजवत फिरणारा कॉफीवाला गप्प. खालचं शिवणयंत्र गप्प. कावळेसुद्धा गप्प. खिडक्यांच्या झडपा लावून सगळं शहर निजतं.

अशाच एका दुपारी मी बकुळला पाजायला झोळीतून काढलं. पाजता पाजता वर लक्ष गेलं...

झोळी हलत होती.

आत्ताच बाळ काढलं आहे, हलणारच. लंबकाचा झोका हळूहळू लहान होतो आणि थांबतो, हे मी कॉलेजात शिकले होते. मी बघत बसले.

झोका लहान झाला नाही.

कुईं... कुईं... कडी वाजत होती.

झडपा बंद होत्या. वारा नव्हता. मी उठून हातानं झोळी धरली. थांबली. हात सोडला. थांबलेलीच राहिली.

मी स्वतःवर हसले. पण मोठ्यानं नाही.

मग एक गोष्ट ध्यानात आली. झोळीत मूल कसं निजतं? मधोमध, खोलगट जागेत. दुसरीकडे निजताच येत नाही, कापडच आत ओढून घेतं.

बकुळ कडेला निजायला लागली.

एका बाजूला सरकून, अंग चोरून, लुगड्याच्या काठाला नाक लावून. मी तिला मध्ये घ्यायची. थोड्या वेळानं बघावं तर पुन्हा कडेला.

जशी कोणाला जागा करून देते आहे...

दूधही अर्धवट सोडू लागली. तोंड बाजूला करायची आणि कडीकडे बघून हसायची. हातपाय बारीक दिसायला लागले.

मी ह्यांना सांगितलं.

"हवा मानवत नसेल. दात येत असतील."

"आणि झोळी?"

"दमट हवेत कापड आकसतं, पुन्हा सैल पडतं. हलणारच." मग मिशीतल्या मिशीत हसले. "का, पदवी परत करायची आहे?"

त्याच दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन वरवंट्यासारखं काही मिळतं का ते बघितलं. काही नव्हतं. मसाला खुर्शीदाच कुटून द्यायची.

आता ती दुपार.

झोळीला दोरी बांधून तिचं टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळायचं आणि खाली चटईवर पडायचं, अशी माझी सवय. आपल्याकडे सगळ्याच बाया करतात. झोप लागली तरी पाय हलत राहतो, मूल निजून राहतं.

मला डोळा लागला. झोपेतच बकुळ रडल्यासारखी वाटली. मी पाय हलवला. झोका दिला. "हो... हो... आलं हं..." असं पुटपुटलेही.

रडणं थांबलं.

पुन्हा जरा कुरकुर झाली. पुन्हा झोका. पुन्हा शांत.

मग दारातून हाक आली.

"ताई... ओ ताई!"

खुर्शीदा होती. हळू बोलत होती.

"दुसरं कोनाचं लेकरू आनलंया सांभाळाया?"

"कुठलं दुसरं?" मी डोळे न उघडताच म्हणाले. "बकुळच आहे. आत्ता निजली."

"बकुळ हितं हाय."

मी डोळे उघडले.

बकुळ तिच्या कडेवर होती. अंगठा चोखत.

"तुमी झोपल्या व्हत्या, उठवलं नाय. मगाशीच खाली नेली हिला. माझ्या मांडीवर खेळत व्हती... आन् वरून रडनं यायला लागलं."

आणि माझा पाय अजून हलत होता.

पुढे... मागे... पुढे... मागे...

मी हलवत नव्हते.

दोरी ओढत होती.

कशी सोडवली ते आठवत नाही. अंगठ्याला वळ पडला होता, तो पुढं कितीतरी दिवस राहिला. उठून उभी राहिले. झोळीची दोन्ही अंगं मिटलेली होती, मूल आत असलं की मिटतात तशी. खाली फुगवटा होता. जड...

बकुळनं दोन्ही हात तिकडे पसरले.

मी लुगड्याचा काठ बाजूला केला.

आत काही नव्हतं.

दुपटं मात्र मध्ये दबलेलं होतं. मी हात लावला. ऊबदार होतं.

आणि ओलं होतं.

मी मागं सरले, भिंतीला टेकले. खुर्शीदा पुढं गेली. तिनं बकुळला माझ्याकडे दिलं आणि आपला हात झोळीत घातला. काढला नाही. तसाच ठेवला, बाळाच्या पोटावर ठेवतात तसा.

"बिचारं," ती म्हणाली.

"खुर्शीदा, हात काढ!"

"रडनारं लेकरूच हाय ना, ताई? वाघ थोडाच हाय?"

तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. त्यावर भीती नव्हती.

त्यानंतर मी बकुळला त्या खोलीत निजवलं नाही. मांडीवर घेऊन बसायची, बसल्या बसल्याच डुलकी काढायची. मी रात्रंदिवस अशी बसलेली पाहून ह्यांची थट्टा बंद झाली. यंत्र सुरू झाल्याबरोबर पहिल्या आगबोटीची तिकिटं काढली.

निघायच्या दुपारी सामान खाली गेलं. मी झोळीची गाठ सोडायला हात वर केला.

"ते लुगडं ऱ्हाऊ द्या, ताई." खुर्शीदा मागं उभी होती.

"कशाला?"

"जुनं हाय, मऊ हाय. उपेगी पडंल."

"तुला दुसरं देते. हे नको."

"हेच द्या."

खालून हे हाका मारत होते. बकुळ कडेवर होती, आणि तिला घेऊन त्या खोलीत आणखी थांबायचं माझ्यात धैर्य नव्हतं. मी खुर्शीदाचे हात धरले.

"मग ऐक. रिकामी ठेवू नकोस. तुझा बत्ता ठेव आत, काहीतरी जड ठेव. आणि हलवू नकोस. शपथ घे."

"ठेवते की! तुमी जावा आता, नायतर आगबोट तुमचं पोरगं न् साहेब घिऊन जाईल, तुमी ऱ्हाल हितंच लवंगा वाळवत." असं म्हणून ती हसली.

शपथ तिनं घेतली नाही.

गल्लीत उतरले. वर पाहिलं. झडपा लावलेल्या होत्या. दुपारची सामसूम होती, म्हणून ऐकू आलं...

कुईं... कुईं... कुईं...

बोटीवर पहिल्याच दिवशी बकुळ पोटभर प्याली. नाशिक रोडला उतरलो तेव्हा पुन्हा गुबगुबीत दिसत होती.

घरात पाऊल टाकलं आणि पाळण्याकडे नजर गेली. पाळण्यात वरवंटा होता. कुंची घातलेला. काजळाचा ठिपका ताजा.

"पाट्यावर दिसला तेव्हाच समजले," सिंधुवन्सं म्हणाल्या. "म्हटलं, तिकडे नाही तर नाही, इथली तरी हिची जागा भरलेली असू दे."

मी त्यांच्या गळ्यात पडून रडले.

इथंच सगळं संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

बकुळ आता चालते, बोलते. निजते मात्र अजून कडेला. मोठ्या गादीवर एकटी असली तरी काठाशी, अंग चोरून. झोपेत कधी हात लांब करून मोकळ्या जागेवर थोपटते. मी दुसऱ्या बाजूला वरवंटा ठेवते, तेव्हा मला झोप येते.

आणि गेल्या महिन्यात पुंजाराम आला.

पुंजाराम म्हणजे ह्यांच्या हाताखालचा फिटर, देवळालीचा. बर्फाचं यंत्र बिघडलं म्हणून कंपनीनं त्याला झांजिबारला पाठवला होता. खुर्शीदाचा पत्ता मीच दिला होता.

"वैनी, लय मया केली बाईनं," तो सांगत होता. "आता वरच्या मजल्यावर ऱ्हात्यात ती. आन् लेकरू झालंय की तिला!"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तुम्ही पाहिलंत?"

"न्हाई. गेलो तवा दोपार व्हती. झोळीत व्हतं. मी बघाया वाकलो, तर म्हनली, झोपलंय, उठवू नगा. पायानं झोकं देत बसली व्हती."

"आणि ती कशी आहे?"

पुंजारामनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वाळलीया, वैनी. निस्ती हाडं. तिचा मालक म्हनला, जेवत न्हाई, जाग्यावरनं उठत न्हाई. त्यो बिचारा खाली शिवनयंत्रावर बसून रडतो. मला वाटलं, बाळंतपण बाधलं आसंल."

मग त्यानं पिशवीतून एक पुडकं काढलं. "हे तुमास्नी दिलंय."

पुडक्यात लवंगा होत्या. त्याच्याखाली एक झबलं. इब्राहिमच्या हातची बारीक शिवण. नवं नव्हतं. धुऊन धुऊन विटलेलं, काखेत उसवलेलं, गळ्याशी दुधाचा पिवळा डाग.

"काय निरोप?" मी विचारलं.

"म्हनली, ताईस्नी सांगा, आमच्याला हे आता बसत न्हाई. मोठं झालं."

ते झबलं मी घरात ठेवलं नाही. काय केलं ते लिहीत नाही.

हे यंत्राच्या कामासाठी पुन्हा तिकडे जायला तयार आहेत, पण कंपनी पाठवील तेव्हा. माझ्यानं बकुळला घेऊन जाववत नाही, आणि तिला ठेवूनही जाववत नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. तुमच्यापैकी कोणाचा भाऊ, दीर, ओळखीचं माणूस त्या बाजूला जात असेल, तर बंदरामागच्या गल्लीत इब्राहिम शिंप्याचं घर विचारा. पितळी खिळ्यांचं दार आहे. दुपारीच जा. वर जा.

झोळीत बघू नका. खुर्शीदाकडे बघा. ती जेवली का विचारा. येवल्याच्या गोष्टी काढा, तिला बोलती करा.

आणि तिच्या पायाच्या अंगठ्याला दोरी गुंडाळलेली असेल...

तर तो पाय तीच हलवते आहे ना, एवढं मात्र नीट बघून या.