हातात राहिलेला वणवा

"तू थोरली ना गं?"

दारात उभ्या राहिलेल्या आईनं एवढंच म्हटलं, आणि थोरलीच्या छातीत काहीतरी कडकन मोडलं… समोरच्या स्क्रीनवर पात्रता स्पर्धेच्या शेवटच्या फेरीची जोडी झळकत होती. कुठून कुठून हजारो खेळाडू या पत्त्यांच्या लढाईत ऑनलाइन उतरले होते, फेरीफेरीला गळाले होते, आणि त्या निर्दय यंत्रानं शेवटी जोडी लावली ती कुणाची? एकाच घरातल्या, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसलेल्या बहीणभावाची! जिंकणारा मुख्य स्पर्धेला जाणार, दुसऱ्या शहरात, खऱ्या मंचावर. हरणारा बाहेर.

"आई, आत्ता नको. फेरी सुरू होतेय."

"मग आत्ताच बोलायला हवं, नंतर काय उपयोग?" आई जवळ आली, आवाज खाली आणून म्हणाली, "तिथं स्वतः जावं लागतं म्हणालीस ना? म्हणजे तो घराबाहेर पडेल गं! कॉलेज सुटल्यापासून माझं पोर त्या खोलीत कुजतंय. भिंतीकडे तोंड करून जेवतं…"

"आणि मी?"

"तुझं काय अडलंय? तुला नोकरी आहे."

नोकरी! चपलांच्या दुकानात दिवसभर परक्यांच्या पायांशी गुडघे टेकून बसायचं, "हा जरा चावतोय, वरचा नंबर दाखवा" ऐकायचं, शिडीवर चढून खोकी काढायची, आणि गिऱ्हाईक "बघते अजून" म्हणून चालतं झालं की तीच खोकी पुन्हा रचायची… याला आई 'काही अडलं नाही' म्हणत होती! अरे, हा खेळ आधी तिचा होता! दुकानामागच्या गोदामात, जेवणाच्या सुट्टीत, एका हातात डबा धरून ती तो शिकली. खात्यात पुरेशी पानं जमली नव्हती तेव्हा तिनं रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापले, त्यांवर पेनानं सैनिक, किल्ले, वणवे काढले, आणि तोंड लपवून पडलेल्या भावाच्या दारात फतकल मारून ती म्हणाली, "ए झोपाळू, एक डाव टाक." धाकट्याला तिनं घडवलं होतं!

त्याग, त्याग म्हणून जो उदोउदो चालतो ना, तो शब्द ज्यानं काढला तो नक्की घरातला धाकटा असणार. थोरलीला असलं काही सुचलंच नसतं!

डाव सुरू झाला. आई गेली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभी राहिली. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण लेकीचे खांदे वाचता येत होते.

भिंतीपलीकडून टक टक आवाज येत होता. घाबरला की धाकटा टेबलावर नख वाजवायचा, अगदी लहानपणापासून… आणि मग त्यानं तेच केलं जे तो जीव घाबरा झाला की करायचा. सगळं सैन्य एकदम तिच्या किल्ल्यावर सोडलं, स्वतःचा किल्ला उघडा टाकला!

थोरलीच्या हातात वणवा होता. चाल करून आलेलं आख्खं सैन्य एका फटक्यात जाळणारं पान. एक बोट टेकायचं, की संपलं! मंच तिचा, ते शहर तिचं, गुडघ्यांवरून उठणं तिचं…

नख वाजायचं थांबलं. आणि मागून आईचा हात तिच्या खांद्यावर आला… ओला, आर्त.

तिनं एक साधा पायदळाचा शिपाई खाली ठेवला. किल्ला पडला.

"जिंकलो! आई, जिंकलो!" पलीकडचं दार धाडकन उघडलं. मानेवर केस रुळणारा, उन्हाविना पांढरा पडलेला धाकटा नाचत आत आला. "ताई, घाबरलीस! शेवटी तू नेहमी घाबरतेस!"

आईनं त्याला कवटाळलं. "असू दे रे, तिला नाही जमलं," ती म्हणाली.

नाही जमलं! हरल्याचं दुःख थोरलीनं गिळलं असतं. पण ज्या हातानं मागून घेतलं, त्याच हातानं असं पुसून टाकावं? त्याच संध्याकाळी तिनं आपलं खातं बंद केलं. सगळी पानं, सगळे गुण, इतक्या वर्षांची कमाई. 'नक्की? हे परत मिळणार नाही,' यंत्रानं विचारलं. घरात जे कुणी विचारलं नव्हतं, ते यंत्रानं विचारलं! तिनं 'हो' दाबलं.

धाकटा स्पर्धेला गेला. तिनं इस्त्री केलेला शर्ट घालून, तिच्या दुकानातले बूट घालून गेला… आणि एकही फेरी न जिंकता परत आला. खोलीची कडी पुन्हा आतून लागली. आता तर ताटसुद्धा आत जाईना.

"तूच शिकवलंस ना त्याला?" आई म्हणाली. "मग नीट शिकवायचं होतंस!"

सुट्टीच्या दुपारी थोरली त्या बंद दाराला पाठ टेकून बसली.

"उघड रे."

आतून, अगदी जवळून आवाज आला. तोही पलीकडे दाराला टेकूनच बसला असावा.

"तुझ्या हातात वणवा होता."

"काहीतरीच… नव्हता."

"खोटं नको बोलूस ताई! सामना संपला की दोघांची पानं उघडी ठेवून तो पुन्हा बघता येतो. मला माझा विजय परत बघायचा होता… जायच्या आदल्या दिवशी बघितला."

एकेक पान ध्यानात ठेवणारी थोरली नेमकं हेच विसरली होती!

"मग गेलास कशाला?"

"तू शर्टाला इस्त्री करत होतीस. काय सांगणार होतो?" त्याचा आवाज चिरकला. "तिथं समोरचा चुकला तरी वाटायचं, हा पण मला दया म्हणून सोडतोय. पान टाकायला हात उठेना… तुझ्याकडून हरलो असतो ना, तर ते हरणं तरी माझं असतं गं! तेसुद्धा ठेवलं नाहीस तू!"

थोरलीचं काळीज विदीर्ण झालं. स्वतःला जाळून तिनं भावाला ऊब दिली नव्हती. त्यालाही जाळलं होतं.

"पुढच्या वेळी तू जा ताई. जागा तुझीच आहे."

"खातं बंद केलं मी."

दारापलीकडून मोठ्या माणसाचा, आवरता न येणारा हुंदका… "काय केलंस हे!"

ती उठली. पलंगाखालचं बुटांचं खोकं ओढून आणलं. त्यात ती पुठ्ठ्याची पानं होती, कडा विरलेली, शाई फिकटलेली.

"ए झोपाळू," ती म्हणाली, "एक डाव टाक."

किती वेळानं कोण जाणे, कडी सरकली.

उंबऱ्यावरच मांडला डाव. ती खेळली ती अशी, की भाऊ नाही, आई नाही, थोरलेपण नाही! तो नख वाजवू लागला. मग व्हायचं तेच झालं, त्यानं सगळं सैन्य एकदम सोडलं. थोरलीनं त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि वेड्यावाकड्या ज्वाळा काढलेला तो पुठ्ठा अलगद खाली ठेवला.

धाकटा बघत राहिला. त्याचा चेहरा पिळवटला. "हरलो," तो म्हणाला, आणि तिच्या मांडीवर डोकं टाकून लहान पोरासारखा रडला. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. हा विजय कुठल्याच यादीत चढणार नव्हता. उद्या पुन्हा शिडी, पुन्हा खोकी, पुन्हा परक्यांचे पाय…

स्वयंपाकघरातून आईचा आशाळभूत आवाज आला, "काय रे, खेळताय होय? कोण जिंकलं?"

धाकट्यानं डोकं वर केलं. "ताई!" मग घर हादरेल अशा आवाजात म्हणाला, "ताई जिंकली, आई! तेव्हाही तीच जिंकली होती!"

आतला भांड्यांचा आवाज थांबला… आणि बराच वेळ पुन्हा सुरू झाला नाही.