डाव्या पंखाचा स्क्रू

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. गॅरेजचं शटर अर्धं वर, आत ताज्या रंगाचा वास, आणि मधोमध पन्नास वर्षांपूर्वीची एक हिरवी मोटार. डिकीचा पत्रा अजून कोरा होता. त्यावर फक्त मोनो, म्हणजे कंपनीचं धातूचं चिन्ह, बसवायचा राहिला होता. पंख पसरलेला बगळा, पितळेवर क्रोमचा मुलामा. जुन्याची हुबेहूब नक्कल, बंद पाकिटातून आलेली.

"जरा जास्तच चकाकतोय," ताई म्हणाली.

"नवरदेव पहिल्या दिवशी चकाकणारच," फिटर म्हणाला. त्याला सगळे मिलीमीटर म्हणत, कारण तो चहाचा कपसुद्धा मापून ठेवायचा.

ताईनं कोर्टाच्या नकला विभागात तीस वर्षं काढली होती. मुळाशी ताडून पाहिल्याशिवाय तिनं एकाही कागदावर 'खरी प्रत' असा शिक्का मारला नव्हता. साहेबांनी डोळे वटारले तरी नाही. आणि आज तीच बाई सख्ख्या आईसाठी अख्खी खोटी मोटार उभी करत होती.

खोटी म्हणजे खोटीच. बाबांची मोटार काकांनी विकली, बाबा कामासाठी परगावी असताना, परस्पर. बाबा परतले तेव्हा अंगणात तेलाचा डाग तेवढा शिल्लक होता. सगळं घर खाली मान घालून जेवलं. काकांना जाब विचारायची छाती एकाचीही झाली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पुढे मोटार भंगारात तुटली. भंगारवाल्याची वही ताईनं स्वतः पाहिली होती, चॅसीचा नंबर आकडा न् आकडा ताडून. ही मोटार त्याच सालची, त्याच रंगाची, पण दुसऱ्याच कुणाची.

"आईला दिसत नाही गं," धाकटा भाऊ म्हणाला होता. "चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिला काय चॅसी नंबर वाचून दाखवणार आहेस? एकदा हात फिरवू दे, समाधानानं बसू दे."

ताई हो म्हणून बसली होती. ते हो आता तिला सलत होतं. आई चार वाजता येणार होती.

मिलीमीटरनं कोऱ्या पत्र्याचा फोटो काढला, मग कागदी टेप लावून खुणा केल्या. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायची त्याची रीतच होती. "मागे दोन पिना, म्हणून दोन भोकं. हात हलला की परत रंग, परत आठ दिवस."

ड्रिल फिरलं, आणि ताईला एक रविवार आठवला. बगळ्याची एक पिन तुटली होती. पंख दाबून धरायला बाबांनी डाव्या टोकाला लागून पत्र्यात भोक पाडलं. ते वाकडं गेलं. "बगळ्याला गोळी लागली!" म्हणून आई इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. मग बाबा डिकीत डोकं घालून आतून नट धरून बसले आणि आईनं बाहेरून पितळी स्क्रू फिरवला. "धरलाय ना?" "धरलाय, धरलाय, फिरव तू." धाकटा तेव्हा पाळण्यात होता. ताईनं ही गोष्ट इथं कुणाला सांगितली नव्हती.

बगळा बसला. आतून चापे लावून मिलीमीटरनं डिकीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. टेप सोलला आणि तो थबकला.

"ताई... हे तुम्ही केलंत?"

डाव्या पंखाच्या टोकाला एक भोक होतं. वाकडं. कडेला गंज.

"रंग परवाचा आहे," तो हळूच म्हणाला. "परवाच्या रंगात गंज..." त्यानं फोनमधला फोटो मोठा करून पाहिला. पत्रा कोरा होता.

रंगाच्या वासाखालून आणखी एक वास येत होता. उन्हात तापलेलं रेक्झिन, आणि बाबांचा दाढीचा साबण. ताईच्या अंगावर काटा आला. तरी तो वास जाऊ नये असंच तिला वाटत होतं.

"बुजवून टाकू?"

"नको... राहू दे."

चारला आई आली, धाकट्याचा हात धरून. ताईनं तिला दारातच गाठलं. "आई, ही आपली मोटार नाही. आपली केव्हाच तुटली. मी वही पाहिली."

"ताई!" धाकटा ओरडला.

"ओरडू नकोस तिच्यावर," आई म्हणाली. "दोन दिवस ती धड जेवली नाही, तेव्हाच कळलं मला. आणलीच आहात तर हात लावू द्या."

तिची बोटं बगळ्यावरून सरकत डाव्या टोकाशी गेली. तिथंच थांबली.

"मग हे कुणी केलं?"

आईनं पर्समधून एक पुडी काढली. आत पितळी स्क्रू होता. "परगावाहून परतले त्या दिवशी हा अंगणात पडलेला सापडला यांना. शेवटपर्यंत खिशात होता."

मिलीमीटरनं पेचकस तिच्या हातात दिला. आईनं चाचपून स्क्रू लावला, पत्र्याशी वाकली आणि पुटपुटली, "धरलाय ना?"

स्क्रू फिरला. एक आटा, दोन, चार. मग घट्ट झाला. आई हसली, पायरीवर बसून हसली होती तशी.

मिलीमीटर मात्र पांढराफटक पडला. "आतून नट धरल्याशिवाय... हा आवळेल कसा?"

त्यानं खिशातली किल्ली काढून डिकी उघडली. आत कुणी नव्हतं. स्क्रूवर नट होता, आवळलेला, आणि त्यावर दाढीच्या साबणाचा ओला ठसा.

तो नट आतून कुणी धरला, ते आजवर कुणी सांगितलेलं नाही.