चार शिवांमधलं कॉलेज

पिंजऱ्यातल्या रानडुकराने पुन्हा गजांवर धडक मारली आणि त्याचा सुळा मुळापासून मोडला. तोंडातून रक्त गळत होतं, तरी ते मागे सरून परत धावून आलं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. मृणाल देवतळे यांनी घाईघाईने मागचं दार उघडलं. डुक्कर त्या वाटेने सुसाट पळालं आणि पलीकडच्या आवारात हळूहळू शांत झालं.

"पाहिलंत?" रसायनशास्त्राचे प्रा. फिरोज पठाण म्हणाले. "मरणाच्या भीतीने डुक्कर अंगातून जो वास सोडतं, तोच मी बनवलाय. भयगंध. वाट मोकळी असेल तर तो लागताच जनावर पळतं."

"आणि वाट बंद असेल तर?"

"तर समोर दिसेल ते फाडतं."

पिकं नासवणारी रानडुकरं हाकलण्याचा हा प्रकल्प कॉलेजच्या ग्रामसहभागी संशोधनातला पहिला. कॉलेजने औषध द्यायचं, गावाने पंप पाठीला लावून आपल्या शेतांत, थेट आपल्या शिवेपर्यंत फवारायचं. दुसऱ्याच्या शिवेत पाऊल टाकायचं नाही. त्यावरून पूर्वी इथे कुऱ्हाडी चालल्या आहेत. तीन गावं लगेच तयार झाली. त्यांची डुकरं चौथ्या गावात, पिंपळझोऱ्यात घुसली. हे कुणालाही सुचायला हवं होतं. दोन डॉक्टरेटवाल्यांना सुचलं नाही.

पिंपळझोऱ्याच्या सरपंच शोभाबाई कुमरे यांनी एक दिवस रक्ताने कडक झालेला सदरा मृणालच्या टेबलावर टाकला.

"तुमच्या औषधानं त्यायचे डुकरं आमच्याकडं आले, म्याडम. माह्या माणसाचं पोट फाडलं तुरीत. आतडे हातात धरून घरी आला तो. आता आमाले बी द्या ते औषध."

मृणालला रडू आवरेना. "शोभाबाई, यापुढे एकही माणूस मरू देणार नाही मी," ती म्हणाली. असला शब्द शास्त्रज्ञाने देऊ नये, पण तिने दिला आणि मनापासून दिला.

पिंपळझोराही प्रकल्पात आला. शिवारात डुकरं दिसेनाशी झाली आणि कॉलेजने चारही गावांचा सत्कार ठरवला. गावं दिवसभर ओस पडणार, म्हणून त्या सकाळी चारही गावांनी दुप्पट फवारणी केली. जंगलाच्या बाजूला तर हात अजिबात आखडला नाही.

मृणाल भाषणाला उभी राहिली, तेव्हा आवाराच्या एकुलत्या एका फाटकाकडून किंकाळी आली. डुकरांचा कळप मंडपात घुसला होता. वाटेत माणसं होती. पहिल्या डुकराने एका म्हाताऱ्याची मांडी हाडापर्यंत चिरली, दुसऱ्याने खुर्चीसकट एका बाईला उडवलं. लोक लोकांना तुडवत कंपाउंडच्या भिंतीवर चढू लागले.

"इथेच का आली ही?" फिरोज ओरडले.

मृणालच्या आता लक्षात आलं. चार शिवा जिथे मिळतात, त्या गायरानावर हे कॉलेज बांधलं होतं. कॉलेज आपलं, असं चारही गावं छाती फुगवून सांगत. पण ते कुणाच्याच शिवेत नव्हतं, म्हणून इथे कुणीच फवारलं नव्हतं. जंगलाची वाटही वासाने बंद झाल्यावर शिवारात लपून राहिलेल्या डुकरांना पळायला तेवढीच एक जागा होती.

"इथे वास नाही," ती माइकवर म्हणाली. "ती शांत होतील. वाट द्या त्यांना! फाटक मोकळं ठेवा!"

त्या कल्लोळात ते कुणाला ऐकू जाणार! फाटकातून आणखी डुकरं येत होती. शोभाबाईंनी प्रदर्शनाला मांडलेला भरलेला पंप पाठीला अडकवला.

"भिऊ नका! मी शीव बांधते!" त्या फाटकाकडे धावल्या.

"शोभाबाई, नको!"

शिकवलं होतं तसंच, एकही फट न ठेवता, त्यांनी फाटकभर फवारा मारला. बाहेरची डुकरं जागच्या जागी उलटी फिरली. शोभाबाईंनी वळून मृणालकडे पाहिलं. चेहऱ्यावर समाधान होतं.

आतली डुकरं फाटकाकडे धावली, वास लागताच थबकली आणि माणसांकडे वळली. सगळ्यांत जवळ शोभाबाई होत्या.