धाकनक्षी

पायात चपला सरकवाव्यात तितक्या सहजपणे आता सावरखेड्यातली माणसं शेतात जाताना जाकीट चढवत. करड्या कापडावर फिकट पिवळे पट्टे. लांबून पाहिलं तर गणवेशाचा उरलेला तागा वाटावा. पण ती जाकिटं आल्यापासून जुन्नरकडच्या त्या गावात बिबट्याने एकाही माणसाला धरलं नव्हतं.

ही नक्षी शाल्मली डुंबरेची. पुण्यात ती उपयोजित कला शिकली: अक्षरं, बोधचिन्हं, वेष्टनं. पुढे नाटकाच्या कपड्यांवर छपाई केली, मग शाईच्या कारखान्यात रंग घोटले, आणि शेवटी बिबट्यांवर उपचार करणारे पशुवैद्य डॉ. इरफान मोमीन यांच्याकडे जनावरांचे डोळे समजून घ्यायला जाऊन बसली.

"एक काय ते धड कर गं," आत्या कातावायची.

"आत्या, सगळं एकच आहे. समोरच्याला काय दिसतं, एवढंच शिकतेय मी."

या वेळी समोर बिबट्या होता. माणसाला न दिसणारा अतिनील प्रकाश त्याला थोडाफार दिसतो. तो प्रकाश परतवणारी शाई शाल्मलीने पट्ट्यांत भरली. माणूस चालला, कापड हललं, की बिबट्याच्या नजरेत ते पट्टे फुगायचे, फुटायचे, झेप घेतल्यासारखे अंगावर यायचे. धाकनक्षी हे नाव इरफानने दिलेलं.

त्या दुपारी ती जाकिटांची शिवण तपासायला उसाच्या फडात आली होती. चारी बाजूंनी तोड होत आली होती, मधे उसाचा लहानसा तुकडा उरला होता. अचानक पाचट खसखसलं आणि बिबटी बाहेर आली.

समोर जाकिटं. ती वळली, तिकडेही जाकिटं. जमिनीला पोट घासत ती गोल फिरली. तिच्या घशातून कण्हल्यासारखा आवाज निघत होता. मग बिबटीने स्वतःचाच पुढचा पाय दातांत धरला आणि हाडापर्यंत चावला.

"मागे व्हा! वाट द्या तिला!" शाल्मली ओरडली.

कोणी हललं नाही.

बांधावर केसरबाई उभी होती, बीडकडून टोळीबरोबर तोडीला आलेली. ऊन लागू नये म्हणून तिने आपलं जाकीट लेकराच्या झोळीवर पांघरलं होतं. अख्ख्या फडात ती एकटीच साध्या लुगड्यात. बिबटीने तिला हेरलं.

शाल्मली धावली. अंगातलं जाकीट ओरबाडून तिने केसरबाईकडे फेकलं, आणि दुसऱ्याच क्षणी एक उष्ण वजन तिच्यावर कोसळलं. खांद्यात नखं रुतली. दंडाचं मांस फाटल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. मानेजवळ जबडा उघडला.

केसरबाईने दोन्ही हातांनी ते जाकीट बिबटीच्या डोळ्यांपुढे झटकलं.

बिबटी बाजूला कोलमडली. डोळे गच्च मिटून, अंगाचं मुटकुळं करून मातीत पडून राहिली. पळाली नाही, गुरगुरलीही नाही.

माणसं पुढे सरकली. पहिला कोयता दगडूचा, केसरबाईच्या नवऱ्याचा. तो पाठीत बसला. मग दुसरा, मग कोण कुठे मारतंय कळेना. बिबटीने पंजासुद्धा उचलला नाही. रक्त पट्ट्यांवर उडत होतं आणि एकमेकांच्या जाकिटांकडे बघत माणसं आणखी जोराने हाणत होती. मान तुटली तरी थांबली नाहीत.

"मेली रे, मेली ती!" शाल्मली पडल्या पडल्या ओरडत होती.

तिसऱ्या दिवशी शाल्मली इस्पितळात शुद्धीवर आली तेव्हा तिचा उजवा हात खांद्यापासून बांधलेला होता. इरफान शेजारी बसला होता.

"घाबरली होती माणसं," ती पुटपुटली.

"मी पोचलो तेव्हाही मारतच होती. मला ती घाबरलेली दिसली नाहीत, शाल्मली." मग तो म्हणाला, "जिल्ह्याकडून निरोप आलाय. शाळेतल्या मुलांसाठी जाकिटं हवीत. लगेच."

तेवढ्यात केसरबाई लेकराला कडेवर घेऊन आली. पदर तोंडावर घट्ट धरलेला.

"बरं हाय का, ताई?" ती खाली बसली. "आमचं माणूस मारकुटं नव्हतं. लगीन झाल्यापासून कधी हात उचलला नाही. आता जाकीट अंगावरनं काढीत नाही. टोळीतले समदेच तसं. काल पाण्याच्या हंड्यापायी दोघांनी कोयते उपसले. मी मधी पडले..." तिने पदर सोडला. ओठ फुटलेला, कानाखाली काळानिळा वळ.

शाल्मलीने डाव्या हाताने तिचा हात धरला.

"एक इचारू, ताई? त्या पट्ट्यांत माणसासाठी बी काही घातलंय का तुमी?"

'नाही' म्हणायला शाल्मलीने तोंड उघडलं आणि तिला आठवलं. बिबट्याच्या डोळ्यांवर तिने नक्षी कितीदा तरी पारखली होती. दिवसभर ती नक्षी बघत राबणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर एकदाही नाही.

"इरफान, माणसाला तो प्रकाश दिसत नाही ना?"

"दिसत नाही. पण थोडा आत शिरतो." त्याने स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवलं. "डोळ्यातलं भिंग बराचसा अडवतं. मोठ्यांचं. लहान मुलांचं तेवढं अडवत नाही."

केसरबाईच्या कडेवरचं लेकरू इरफानच्या अंगातल्या जाकिटाकडे टक लावून बघत होतं.

"मुलांची जाकिटं थांबवली आणि उद्या बिबट्याने एखादं पोर नेलं, तर?" शाल्मलीने विचारलं. "आणि नाही थांबवली, तर?"