शेवटचा भाग आईकडे

त्या दुपारी विजयमाला धारूरच्या घराच्या ओट्यावर तुरी पाखडत बसली होती. सुपाच्या आवाजात फाटकाची कडी वाजलेली तिला कळली नाही. मान वर केली तर समोर एक कॉलेजातली पोरगी, खांद्याला पिशवी, घामाघूम.

“काकू, वैष्णवीताईंचं घर हेच हाय ना? मी रोहिणी. सिरसाळ्याहून आले. त्यांची वाचक.”

विजयमालाने हातातलं सूप मांडीवर टेकवलं. घाटातल्या वळणावर स्कूटी घसरून तिची लेक वैष्णवी गेली, त्याला वर्ष होत आलं होतं.

“ती राहिली न्हाई, बाळा.”

रोहिणी आधी हसलीच. “चेष्टा नका करू, काकू. परवाच भांडलते त्यांच्याशी, लई वाट बघायला लावतात म्हणून. पत्ताबी त्यांनीच दिला.”

टीव्हीवरच्या एका राजघराण्याच्या मालिकेत शेवटी धाकट्या राजकन्येला तळ्याला अर्पण करतात. वैष्णवीला ते सहन झालं नव्हतं. मोबाइलवरच्या कथांच्या ॲपवर तिने तीच गोष्ट आपल्या मनाने पुढे लिहायला घेतली. राजकन्या घोटाभर पाण्यात उभी आहे, तिची आई काठाकडे धावत येते आहे, इथवर लिहून वैष्णवी थांबली होती.

रोहिणीने फोन पुढे केला. वाचकांच्या प्रतिक्रिया आणि प्रत्येकीखाली लेखिकेचं उत्तर. घाटनांदूरच्या एका आजींना, ‘आधी डोळ्यांत औषध घाला, मग वाचा.’ कुणा टवाळाला, ‘एवढं कळतं तर तूच लिही बे.’ तिचंच बोलणं. तारखा मात्र सगळ्या ती गेल्यानंतरच्या. परक्यांना इतकी उत्तरं. आई वर्षभर तिच्या फोटोशी बोलत होती, तिला एक शब्द नाही.

“आन् मला काय म्हणल्या बघा...” रोहिणीचा आवाज आता खाली गेला होता.

‘शेवटचा भाग आईकडे आहे. कावळा शिवत नव्हता, तेव्हा तिने शब्द दिलाय.’

विजयमालाच्या मांडीवरचं सूप कलंडलं. वैष्णवीच्या दशक्रियेला पिंड ठेवून सगळे ताटकळले होते. विजयमालाचा नवरा बद्रीनाथ म्हणाला, तुझी स्कूटी विकणार नाही. मामा म्हणाला, तुझी पुस्तकं जपू. कावळा फांदीवरून हलेना. बायकांनी लांब थांबायचं, तरी विजयमाला पुढे गेली, वाकली आणि ओठातल्या ओठात म्हणाली, तुझी गोष्ट मी पुरी करीन. कावळा लगेच उतरला. ते शब्द शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्यालाही ऐकू गेले नव्हते. पुढे ती कितीदा लिहायला बसली. पण गोष्ट संपली की पोर खरंच गेली, असं वाटून उठायची.

तिने रोहिणीच्या फोनवर लिहिलं, ‘वैशू, मी आई.’

आतल्या खोलीत टकटक सुरू झाली. नख आपटत टाइप करायची वैष्णवीची सवय होती. तिचा फुटका फोन तर कपाटात, कुलपात. मग वास आला, शेवाळाचा, साचलेल्या पाण्याचा. नळाला त्या आठवड्यात थेंब आला नव्हता.

“काकू... आत कोण हाय?”

टकटक थांबली आणि उत्तर उमटलं.

‘मला फसवलंस तू. पाणी गुडघ्याला आलंय.’

रोहिणीने फोन ओढून घेतला आणि मागे न बघता गेली. पिशवी ओट्यावरच राहिली. त्यानंतर तिची एकच प्रतिक्रिया आली, ‘काकू, लिहा ना.’

विजयमाला आता रोज दुपारी आपल्या फोनवरून तिथे विचारते, ‘जेवलीस का?’

‘कमरेला आलंय, आई.’

“एवढं कुणाशी बोलतीस गं?” बद्रीनाथ विचारतो.

“मी वाचक हाय,” ती म्हणते.

परवाचं उत्तर होतं, ‘गळ्याला.’ एक भाग लिहिला की राजकन्या काठावर येईल, हे तिला ठाऊक आहे. उत्तरं बंद होतील, हेही. काल तिने विचारलं, तेव्हा आतली टकटक नीट वाजली नाही... ओल्या काचेवरून बोट घसरत राहावं, तसा आवाज बराच वेळ येत होता.

शेवटचा भाग विजयमालाने अजून लिहिलेला नाही.