रेकॉर्ड रूमचं श्रेडर

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या सख्ख्या मामासोबत झालेली गोष्ट आहे. तो आजही चंद्रपूरला राहतो. जाऊन विचारा... पण नकाच विचारू, तेच बरं.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे.

डिसेंबर २०२३. बुधवार. पावणेतीन वाजले होते. ठिकाण मुलचेरा, जिल्हा गडचिरोली.

कोणतं ऑफिस ते सांगणार नाही. तिथल्या लोकांना अजून तिथं नोकरी करायची आहे.

खुशालमामा ऑफिसातल्या मशिनी दुरुस्त करतो. झेरॉक्स, प्रिंटर, कागदाचे बारीक तुकडे करणारं श्रेडर. चंद्रपूर-गडचिरोली, दोन्ही जिल्हे पालथे घालतो. हात असा, की बिघडलेली मशीन त्याला पाहूनच वठणीवर येते. वच्छलामामी त्याच्या दोन वर्षं आधी गेली. लेक संघप्रिया नागपूरला असते, रोज फोन करते. "बाबा, इकडेच या ना. एकटे काऊन राहता तिथी?" शेवटी मामा हो म्हणाला. जानेवारीत चंद्रपूरचं घर सोडून कायमचं लेकीकडे जायचं ठरलं.

तेवढ्यात मुलचेऱ्याचा फोन आला. रेकॉर्ड रूममधलं श्रेडर आपोआप सुरू होतं.

कागद घातला नसताना...

मामा हसला. "भूत नाई बाई, धूळ हाय," तो तिथल्या शिपाई अंजनाबाईंना म्हणाला. श्रेडरच्या तोंडात एक बारीक डोळा असतो. कागद त्याच्यासमोर आला की पाती फिरतात. डोळ्यावर धूळ बसली की मशीनला उगाच वाटतं, कागद आला.

"असंन," अंजनाबाई म्हणाल्या. कुलूप उघडून दिलं आणि व्हरांड्यात जाऊन बसल्या. उंबरठा काही ओलांडला नाही.

आत फायलींचे गठ्ठे, लोखंडी रॅक, एक खुर्ची. खिडकीतून सागाचं जंगल दिसत होतं. मामाने आधी प्लग काढला. कान कोरायच्या काडीने डोळा पुसला. चिमट्याने पात्यांतल्या चिंध्या ओढल्या. मग प्लग लावून तेलाचे थेंब टाकलेला कागद आत सोडला, म्हणजे पात्यांना तेल लागतं. थोडं उलटं फिरवलं, थोडं सुलटं. मशीन लोण्यासारखी चालली.

कामाची स्लिप लिहून टेबलावर ठेवली. पिशवी उचलली. दारातून वळून तो रिकाम्या खोलीला म्हणाला, "येतो."

निघताना जातो म्हणायचं नसतं, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. त्यात मामाला सवय. रोज सकाळी घराला कुलूप लावताना तो म्हणतो, "वच्छला, येतो." दोन वर्षांत उत्तर कुठून येणार?

इथं आलं.

रॅकच्या मागून...

"या."

म्हाताऱ्या माणसाचा साधा आवाज. फायलीतून मान वर न काढता कोणी म्हणावं तसा. असेल एखादा क्लार्क, असं समजून मामा परतीच्या बसमध्ये बसला. वाटेतलं आष्टी गाव मागे पडल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

रॅक भिंतीला टेकून होता. त्याच्यामागे जागाच नव्हती.

पुढच्या बुधवारी सकाळीच पुन्हा फोन. आता मशीन अडकली होती. मामाने झाकण उघडलं. पात्यांत एक कागद अर्धा चिरून अडकला होता.

मामाचीच स्लिप होती.

तिच्यात 'पुढची भेट' असा रकाना असतो. मामाने तो कोरा सोडला होता. आता त्यात तारीख होती. निळी शाई, जुन्या वळणाचं अक्षर.

आणि तारीख... मामा ती वाचत होता, त्याच दिवसाची.

कोणीतरी मस्करी करतंय, असं मामाने मनाला समजावलं. कागद काढला, पाती साफ केली, निघताना सवयीने म्हणाला, "येतो."

"या."

त्याने मागे वळून पाहिलं नाही. पण तो घाबरला नव्हता, हे त्यानेच मला सांगितलं. त्याला बरं वाटलं होतं. "दोन वर्षांनं मले कोणी 'या' म्हणलं रे."

तिसऱ्या बुधवारी पुन्हा बोलावणं आलं. या वेळी अंजनाबाईंनी दारातच अडवलं.

"खुशालभाऊ, निघताना तुम्ही काय म्हणता?"

"येतो म्हणतो. अजून काय म्हणन?"

"तेच तं चुकून राह्यलं."

मग त्यांनी वारलूभाऊंचं सांगितलं. वारलूभाऊ रेकॉर्डचे क्लार्क. मागेपुढे कोणी नाही, त्याच खोलीत झोपायचे. संध्याकाळी सगळे "येतो" म्हणून निघायचे, ते "या" म्हणायचे आणि खरंच वाट पाहायचे. एका दिवाळीला चार दिवस सुट्टी लागली. सगळे येतो म्हणून गेले. पाचव्या दिवशी कुलूप उघडलं तर वारलूभाऊ खुर्चीत. जीव पहिल्याच दिवशी गेला होता.

"तवापासून आम्ही मुकाट्यानं निघतो," अंजनाबाई म्हणाल्या. "तुम्ही येतो म्हणता, मंग तो बलावते. आज काई बोलू नोका, भाऊ."

मामा आत गेला. मशीन सुरू होती. हळूहळू, नुसतीच...

प्लग खाली फरशीवर पडला होता.

निघून जाता आलं असतं. पण वाट पाहणाऱ्याला न सांगता जायचं त्याच्या जिवावर आलं. रिकामं घर काय असतं, ते त्याला माहीत होतं.

"वारलूभाऊ," तो म्हणाला, "मी आता येत नाई. लेकीकडं चाललो, नागपूरले. कायमचा. वाट नोको पाहू."

मशीन थांबली.

बाहेर सागाचं वाळकं पान पडलं, तेही ऐकू आलं.

"बरं," रॅकमागून आवाज आला.

आणि मग...

"वच्छलाले सांगतो."

मामीचं नाव मामाने त्या गावात कोणालाही सांगितलं नव्हतं.

जानेवारी गेला. मामाने घर सोडलं नाही. संघप्रिया मला फोन करून रडते, "दादा, तू तरी समजाव त्यायले." काय समजावू? ती मशीन ऑफिसने केव्हाच भंगारात काढली. तक्रार नाही, बोलावणं नाही. तरी दर बुधवारी मामा पहिल्या बसने मुलचेऱ्याला जातो. अंजनाबाई कुलूप उघडून देतात आणि बाहेर बसून राहतात. तो दुपारभर आत एकटा असतो.

मागच्या महिन्यात मी हिंमत करून विचारलं, "मामा, आत कोणी बोलते काय?"

"वारलूभाऊ बोलते."

"आणि मामी?"



"थे नाई बोलत अजून," तो म्हणाला. "मी सोडून चाललो होतो ना. रुसली हाय."

हे मी संघप्रियाला सांगितलेलं नाही. उद्या बुधवार आहे.